डिसेक्शन हॉलमधून बाहेर आल्यावर भूक लागते: पहिल्या वर्षाच्या मुलामुलींसाठी

नीटचा निकाल लागला, सीट मिळाली, की खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मुलांचे फोन सुरू होतात. फी किती, हॉस्टेल कसं, कानडी आलंच पाहिजे काय. याची उत्तरं कुणी ना कुणी देतंच. एक प्रश्न मात्र बरेचजण अगदी शेवटी, आवाज बारीक करून विचारतात: "अक्का, ते बॉडी कापायचं असतंय ना, तिथं मला काही झालं तर?"

होतं. जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही होतं, आणि जे व्हायची भीती असते ते सोडून भलतंच होतं. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेतली. आता इंटर्नशिप करतेय. मला जाण्याआधी एवढंच सांगितलं होतं की पहिल्या दिवशी भीती वाटते, मग सवय होते. डोळ्यांना धार लागेल, बोटांची टोकं बधिर होतील, अकराव्या दिवशी भुईवर पडेन आणि रोज दुपारी आधाशासारखी भूक लागेल, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या भुकेची मी सहा महिने लाज बाळगली. ती तुम्ही बाळगू नये म्हणून हे लिहितेय.

बेळगावात जेएनएमसी आणि बिम्स ही एमबीबीएसची कॉलेजं आहेत, शिवाय आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी शिकवणारी महाविद्यालयं आहेत. यातल्या कुठेही गेलात तरी पहिल्या वर्षी शरीररचना आहेच. कुठे स्वतःच्या हाताने विच्छेदन करावं लागतं, कुठे आधीच सोडवून ठेवलेले भाग पाहायचे असतात. देह टिकवण्यासाठी वापरतात ते फॉर्मेलिन दोन्हीकडे असतं, त्यामुळे खालचं बहुतेक सगळं दोन्हीकडे लागू पडतं.

## १. जाण्याआधी जवळ काय हवं

कागदपत्रं:

- हिपॅटायटिस बी लशीचं कार्ड. तीन डोस लागतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पहिला डोस राहिला असेल तर प्रवेशाच्या धावपळीतच घ्या.
- धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद.
- दमा, फिट्स, कातडीची अॅलर्जी, याआधी चक्कर येऊन पडल्याचा प्रकार, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणि चालू औषधांची यादी. चिठ्ठी इंग्रजीत घ्या. आमच्याकडच्या एका मुलाने गावच्या दवाखान्यातून मराठी चिठ्ठी आणली होती, ती ऑफिसमध्ये दोन आठवडे कुणी वाचलीच नाही.
- ओळखपत्र, फिटनेस सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि घरच्यांचा नंबर कागदावर लिहून अॅप्रनच्या खिशात. मोबाइल लॉक असतो आणि तुम्ही बेशुद्ध असता, तेव्हा तो कागदच उपयोगी पडतो.

सामान:

- पूर्ण बाह्यांचे दोन अॅप्रन. एकच घेतला की तो धुवायला मुहूर्त सापडत नाही.
- नायट्राइलचे हातमोजे. लॅटेक्सचे स्वस्त पडतात, पण फॉर्मेलिनपुढे नायट्राइल जास्त टिकतात, आणि लॅटेक्सचीच अॅलर्जी असणारेही काहीजण असतात.
- डोळ्यांना सगळीकडून झाकणारा गॉगल. नेहमीचा चष्मा पुरत नाही, त्याच्या कडेने वाफ आत येते.
- दातांचा आणि बिनदातांचा असे दोन चिमटे, स्कालपेलचा दांडा आणि पाती. ३ नंबरच्या दांड्याला १०, ११, १५ ची पाती बसतात, ४ नंबरच्या दांड्याला २० ते २४ ची. मी दांडा ४ चा आणि पाती १५ ची घेऊन गेले होते. आधी टेबलावरच्या सरांना विचारा, मग दुकानात जा.
- बंद बूट, केस झाकायला टोपी, अॅप्रनसाठी वेगळी पिशवी, साबण, टॉवेल.

मास्कबद्दल एक मोठा गैरसमज आहे. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे, तो त्यातून सरळ आत येतो. त्यामुळे एन-९५ लावून टेबलावर वाकून उभे राहिलात तर नाकाची आग तेवढीच होणार, वर मास्कमध्ये गुदमरल्यासारखं होणार ते वेगळं. शिंतोड्यांपासून तोंड वाचावं म्हणून साधा मास्क ठीक. नाकाखाली बाम चोळण्याचा सल्ला सीनियर हमखास देतात. बामाने वास दबतो, वायू कमी होत नाही, आणि आधीच चुरचुरणारं नाक आणखी चुरचुरतं. मी दोन दिवस लावला आणि सोडून दिला.

## २. खाऊन जा

"रिकाम्या पोटी जा, म्हणजे उलटी होणार नाही," असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ऐकू नका. उलटी फार थोड्या जणांना होते. चक्कर मात्र पुष्कळांना येते, आणि रिकामं पोट तिला निमंत्रणच देतं.

जड खाऊ नका, तेलकट टाळा. इडली, उप्पीट, पोहे, भाकरीचा तुकडा आणि दूध, यातलं काहीही चालेल. वर दोन पेले पाणी प्या. खानापूरहून सकाळच्या बसने येणाऱ्यांचे हाल मला ठाऊक आहेत: चहा ढोसायचा आणि पळायचं. त्यांनी डब्यात गूळपोळी किंवा शेंगदाण्याचा लाडू ठेवावा आणि बसमध्येच खावा. हॉलमध्ये खाणंपिणं पूर्ण बंद असतं आणि ते योग्यच आहे. पाण्याची बाटलीसुद्धा आत नेऊ नका, खिडकीच्या कट्ट्यावरही ठेवू नका. मोजे घातलेल्या हाताने झाकण उघडलं की संपलं.

## ३. पहिली दहा मिनिटं: डोळे, नाक, घसा

आत पाय टाकल्यावर आधी लक्षात येतो तो वास, आणि दोनेक मिनिटांत डोळे. देह टिकावा म्हणून मांडीतल्या किंवा मानेतल्या धमनीवाटे फॉर्मेलिन मिसळलेलं द्रावण आत सोडलेलं असतं. दुकानात मिळणाऱ्या फॉर्मेलिनमध्ये साधारण ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असतं, वापरताना ते पातळ करतात. फॉर्मल्डिहाइड पाण्यात चटकन विरघळतं आणि डोळा, नाक, घसा हे सगळे ओलेच. म्हणून त्याचा पहिला मारा तिथेच होतो.

डोळ्यांतून धार लागली म्हणजे तुम्ही रडताय असं नव्हे. कांदा चिरताना जी नस डोळ्यांना पाणी आणते तीच इथेही आणते: थेट मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी (क्रेनियल नर्व्ह) पाचवी, ट्रायजेमिनल. वास घेणारी नस वेगळी, ती पहिली. डोकं आणि मान शिकायला घ्याल तेव्हा दोन्ही हातात येतील. हा फरक आधीच समजून घ्या, कारण त्यातच एक फसवणूक आहे. पंधरा-वीस मिनिटांत नाकाला वासाची सवय होते आणि वास "गेला" असं वाटतं. वायू तिथेच असतो. वास येईनासा झाला म्हणून हॉलची हवा चांगली झाली असं समजून गॉगल काढू नका.

काय करावं:

- कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका. चष्मा लावा, वर गॉगल चढवा.
- शक्य असेल तर खिडकीकडची किंवा पंख्याकडची बाजू धरा. जूनपासून बेळगावचा पाऊस लागला की हॉलच्या खिडक्या लावून घेतात आणि तेव्हा त्रास दुप्पट होतो. अटेंडरना विनंती करून एक्झॉस्ट फॅन वर्गाच्या आधीच चालू करून घ्या.
- तोंड देहाच्या अगदी जवळ नेऊन पाहू नका. पोटाची किंवा छातीची पोकळी पहिल्यांदा उघडतात तेव्हा तर पाऊलभर मागेच राहा. अडकून बसलेली वाफ एकदम वर येते.
- डोळे चोळू नका. मोज्यांवरचं सगळं डोळ्यांत जाईल.
- दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं व्हरांड्यात या. कुणी रागावत नाही. रागावलं तरी या.
- द्रावण थेट डोळ्यात उडालं तर लगेच नळाखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं धुवा आणि तिथून थेट डोळ्यांच्या ओपीडीत जा.

## ४. घेरी येते तेव्हा

मला वाटायचं, चक्कर पहिल्या दिवशी येते. पहिल्या दिवशी मी ताठ उभी होते. आता बऱ्याच ठिकाणी सुरुवातीला देहाला वंदन करून शपथ घेतात, तशी आम्हीही घेतली. इंग्रजीतली ती शपथ मी रात्री वहीच्या पहिल्या पानावर मराठीत उतरवून काढली. मनातून म्हटलं, झालं, आपण पार पडलो.

अकराव्या दिवशी आम्ही खांद्याचा भाग करत होतो. टेबलाला बाराजण. दंडाच्या वरच्या बाजूची कातडी सोडवायची होती, खांद्यावरचा डेल्टॉइड स्नायू दिसायला हवा होता. कातडी ताणून धरायचं काम माझं. चिमट्यात धरलेल्या त्या कातडीवर देवीच्या लशीचे दोन गोल वण होते, मधे थोडे दबलेले, कडेला चुण्या पडलेल्या. माझ्या आज्जाच्या दंडावर हुबेहूब तसेच होते. लहानपणी त्याच्या मांडीवर बसून त्या वणांत बोट फिरवायची माझी सवय होती. इतके दिवस माझ्यासमोर अमुक स्नायू, तमुक नस होती. एका क्षणात समोर कुणाचा तरी आज्जा आला.

आधी जांभई आली. मग मान आणि तळहात घामेजले. मग लोकांचे आवाज लांब गेले, पाण्याखालून यावेत तसे. मला सांगायचं होतं, पण काय म्हणायचं ते इंग्रजीत जुळवत बसले. शब्द सापडेपर्यंत टेबलाच्या कडेवर हनुवटी आपटून खाली पडलेली होते. दोन टाके पडले.

मैत्रिणींनी उचलून खुर्चीत बसवलं आणि डोकं सरळ धरलं. शुद्ध येते न येते तोच पुन्हा गेली. तेव्हा अटेंडरकाका ओरडले, "मलगिस्री, मलगिस्री!" आडवं निजवा. भुईवर आडवं करून पाय स्टुलावर ठेवल्यावर मिनिटभरात मला छताचा पंखा दिसायला लागला. काका म्हणाले, "नीर कुडी, तंगी." पाणी पी, बाळ. त्यांनी अशी किती मुलं उचलली असतील, देव जाणे.

घडलं ते असं. एखाद्या दृश्याने, वासाने, आठवणीने मेंदूतून व्हेगस नावाच्या दहाव्या नर्व्हवाटे हृदयाला मंद होण्याचा निरोप जातो, आणि त्याच वेळी रक्तवाहिन्या सैल पडतात. रक्तदाब झपकन उतरतो. तासभर एकाच जागी उभं राहिल्याने पायांत आधीच रक्त साचलेलं असतं. मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवं पडलं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं, म्हणून कोसळणं हीच शरीराची सुटका. खुर्चीत बसवलं की ती सुटका आपण हिरावून घेतो. धीट मुलंही पडतात. आमच्या बॅचमधला सगळ्यात दांडगा गडी, तालमीतला, दुसऱ्याच दिवशी पडला होता.

टाळायचं कसं:

1. गुडघे ताठ आवळून उभे राहू नका. अधूनमधून चवड्यांवर उठा, पोटऱ्या आवळा. पोटरीचे स्नायू आवळले की शिरांतलं रक्त वर ढकललं जातं.
2. जांभया, घाम, मळमळ, कानात दडे बसणं, डोळ्यांपुढे अंधारी, यातलं एक जरी आलं तरी हातातली पात आधी खाली ठेवा. हे सगळ्यात पहिलं.
3. मग पायांवर पाय टाकून मांड्या घट्ट दाबा, मुठी आवळा. रक्तदाब सावरायला थोडा वेळ मिळतो. त्या वेळात दाराकडे पळू नका. पळणारेच दारात पडतात. आहात तिथेच भुईवर बसा, जमलं तर आडवे व्हा. अॅप्रन मळेल, मळू दे.
4. सांगा. मराठीत सांगा. बेळगावात टेबलावरच्या निम्म्या लोकांना मराठी कळतं. नाही कळलं तर इंग्रजीत "आय अॅम फीलिंग गिडी", कानडीत "तले सुत्तुत्तिदे". ही दोन वाक्यं आजच पाठ करा, तिथे जुळवत बसू नका.
5. मुलींनो, पाळीच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास उभं राहणं जड जातं. स्टूल मागून घ्या. मी पहिलं वर्षभर मागितलं नाही. मागितलं तेव्हा मॅडमनी एका शब्दाने न विचारता दिलं.

दुसरं कुणी पडलं तर आडवं निजवा, पाय वर करा, गळ्याशी बटण सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका. उठवायची घाई करू नका, दहा मिनिटं पडू द्या.

## ५. हात आणि कातडी

तासाभराने मोज्यांच्या आत घाम साचतो, बोटांची टोकं सुरकुततात आणि बधिर वाटतात. फाटक्या मोज्यातून द्रावण लागलं तर तिथली कातडी कडक, पिवळट होते आणि दोन दिवसांनी पापुद्रे निघतात. हे आपोआप बरं होतं. मोजा फाटला की लगेच बदला, "एवढंच राहिलंय, संपवून घेऊ" म्हणू नका. चरबीने हात निसरडे होतात आणि पात घसरते ती अशाच वेळी. कापलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, जखम पिळू नका, आणि कितीही लहान असली तरी सांगा.

अॅलर्जी ही वेगळी गोष्ट, आणि ती उशिरा येते. हात लागल्यावर एक-दोन दिवसांनी खाज, लाल पुरळ, बारीक पाण्याचे फोड. मधे वेळ गेल्यामुळे आपण मेसच्या साबणावर, मच्छरांवर संशय घेतो. दर आठवड्याला डिसेक्शनच्या पाठोपाठच पुरळ उठतंय का, ते वहीत टिपून ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना ती वही दाखवा. एकदा फॉर्मल्डिहाइडची अॅलर्जी जडली की ती सहसा जात नाही. काही शांपू आणि नखं कडक करणाऱ्या पॉलिशमध्येही ते किंवा ते सोडणारी द्रव्यं असतात, त्यांनीही मग त्रास होतो.

घरी परतल्यावर हात कोपरापर्यंत धुऊन खोबरेल तेल लावा. त्याहून महागडं काही लागत नाही.

## ६. भूक

आता जे सांगायचं होतं ते.

पहिल्या विच्छेदनाच्या दिवशी एक वाजता बाहेर आले. मनात होतं, आज जेवण जाणार नाही. कॅन्टीनसमोरून जाताना पोटात असा खड्डा पडला की उभं राहवेना. दोन प्लेट इडली-वडा खाल्ला, वर पुरीभाजी. खाताना बोटांना साबणाआडून तो वास येत होता आणि तरी मी खात होते. शेवटचा घास घेतल्यावर रडू आलं. एक माणूस टेबलावर उघडा पडलाय, त्याने आपलं सगळं शरीर आपल्याला शिकायला दिलंय, आणि मला भूक लागते? आपल्यात काहीतरी बिघडलंय असंच वाटलं. आईला फोनवर खोटं सांगितलं की जेवण गेलं नाही.

पुढचे सहा महिने मी चोरून खायची. मग एका रात्री हॉस्टेलवर निपाणीच्या मैत्रिणीच्या कपाटात चिरमुऱ्यांचा मोठा डबा सापडला, तेल-तिखट लावलेला, आणि ती कावरीबावरी झाली. म्हणाली, "डिसेक्शन झालं की मला काय होतंय कळत नाही बघ, अर्धा डबा संपवते." खोलीतल्या तिसरीने मुकाट्याने गादीखालून फरसाण काढलं. तिघीही एकाच गोष्टीची लाज वाटून अंधारात खात होतो.

फॉर्मेलिनने भूक लागते, असं प्रत्येक बॅचमध्ये म्हणतात. मी इतकंच सांगते: सकाळी आठला खाल्लेलं, मग दोन-तीन तास उभं राहणं, वाकणं, चिमटा धरून हात अवघडून ठेवणं, आणि त्यातला निम्मा वेळ शरीर धास्तीत. धास्तीत असताना पोट गप्प बसतं. बाहेर उन्हात आलं, धास्ती उतरली, की ते सगळी थकबाकी एकदम मागतं. त्यात त्या देहाचा अनादर कुठे आला? आमच्याकडे मातीला जाऊन आल्यावर, आंघोळ झाल्यावर, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात आणि माणसं जेवतात. रडलेली माणसंही जेवतात.

मांसाहाराचं मात्र दोन्ही टोकांना जातं. फॉर्मेलिनमधला स्नायू ताज्या मांसासारखा लाल नसतो. तो तपकिरी, सुटे सुटे धागे झालेला, शिजल्यासारखा दिसतो. त्यामुळे काहींना ताटातलं मटण पाहिलं की आठवतं आणि दोन-चार महिने खाववत नाही. काहींना उलट चिकनच खावंसं वाटतं आणि ते स्वतःलाच घाबरतात. पहिल्यांनी स्वतःवर जबरदस्ती करू नये, डाळ, अंडी, दूध, उसळींवर निभावून न्यावं. दुसऱ्यांनी खुशाल चिकन खावं.

करायचं एवढंच: बाहेर आल्यावर दोनदा हात धुवा, अॅप्रन काढून पिशवीत घाला, आणि ठरवून जेवा. डबा आधीच तयार ठेवा, नाहीतर रोज तळलेल्या पदार्थांवर पैसे जातील. वर्गमित्राला विचारा, "तुला पण लागते काय रे भूक?" उत्तर ऐकून खांद्यावरचं ओझं उतरेल.

## ७. वास घरी येतो

अॅप्रनपेक्षा केसांत वास जास्त राहतो. टोपी घाला, त्या दिवशी केस धुवा. नखं कापलेली ठेवा. हातांवर लिंबाची साल चोळली तर बरं वाटतं, पण कापलेल्या बोटावर नको. अॅप्रन घरच्या कपड्यांत मिसळू नका, वेगळ्या बादलीत भिजवा. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगावात कपडा तीन-तीन दिवस वाळत नाही आणि ओल्या अॅप्रनचा वास भयंकर होतो. दुसरा अॅप्रन का हवा ते तेव्हा कळतं.

बसमध्ये सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटेल. कधीकधी दोन दिवसांची सुट्टी असते, वास असण्याची शक्यताच नसते, तरी घास तोंडाशी नेताना तो येतो. ती नाकाची आठवण. काही आठवड्यांत विरते.

घरी आजी म्हणाली होती, "आधी न्हाणीत जा, मग कशाला शिव." मला वाईट वाटलं, वाद घातला, शिक्षणाचा मुद्दा काढला. आता वाटतं, उगाच घातला. दारातूनच आंघोळीला जाणं तसंही बरंच आहे, फॉर्मेलिन घरातल्या लहान मुलांच्या अंगाला लागत नाही. आजीची कारणं वेगळी, माझी वेगळी, पाणी तेच. चौथ्या महिन्यात आजीनेच विचारलं, "त्या माणसाचं शेवटी काय करतात गं?" मी सांगितलं की सगळं संपल्यावर अवशेष एकत्र करून रीतसर अंत्यसंस्कार करतात. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मग नमस्कार करून जात जा."

घरच्यांना समजावताना मला आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट उपयोगी पडली. बैलहोंगलचे आयुर्वेदाचे डॉक्टर बी. एस. रामण्णवर २००८ साली वारले. आपल्या देहाचं विच्छेदन मुलानेच करावं, अशी त्यांची इच्छा होती. २०१० साली बेळगावात त्यांचे चिरंजीव डॉ. महांतेश रामण्णवर यांनी ती विद्यार्थ्यांसमोर पुरी केली. आयुर्वेदाच्या मुलांनी घरी सुश्रुतसंहितेतल्या शारीरस्थानाचा, म्हणजे शरीरावरच्या भागाचा, दाखला द्यावा: देह गवतात गुंडाळून सात रात्री वाहत्या पाण्यात ठेवायचा आणि मग कूर्चाने, म्हणजे कुंचल्याने, एकेक थर घासून पाहायचा, असं तिथे सांगितलंय. तेव्हा फॉर्मेलिन नव्हतं, वास तेव्हाही असणारच.

## ८. रात्र, रडू, हसू

स्वप्नं पडतात. पहिले दोन-तीन आठवडे पडली तर काळजी नको. भलत्याच वेळी हसू फुटणं हेही होतं, आणि सरांचा ओरडा बसतो. ते हसू उद्धटपणाचं नसतं, ताण तसा बाहेर पडतो. तोंड फिरवून व्हरांड्यात या, नळावर चेहरा धुऊन परत जा. आणि काहीच वाटलं नाही तर? तेही असतं. स्वतःला दगड म्हणू नका. माझ्या एका मित्राला वर्षभर काही वाटलं नाही, परीक्षा संपल्यावर हॉल रिकामा पाहून तो रडला.

वर्षभरात घरी कुणी वारलं असेल तर मात्र विभागातल्या शिक्षकांना आधीच सांगा. काही दिवस मागच्या रांगेत उभं राहायला ते देतात.

## ९. कुठे थांबायचं आणि कुणाला सांगायचं

वरचं सगळं बहुतेकांचं दोन ते सहा आठवड्यांत निवळतं. पुढच्या गोष्टींत वाट पाहू नका:

- छातीत सूं-सूं आवाज, दम लागणं, रात्रीचा खोकला. ज्यांना दमा आहे त्यांनी पंप खिशातच ठेवायचा, बॅगेत नाही.
- चक्कर येऊन मिनिटभरात शुद्ध न येणं, पडताना डोक्याला मार, झटके, छातीत दुखणं किंवा धडधड. थेट कॅज्युअल्टी.
- चेहरा, पापण्या, ओठ सुजणं.
- महिना उलटला तरी झोप नाही, जेवण नाही, वर्गाला जाववत नाही. मानसोपचार ओपीडी त्याच आवारात असते, केसपेपर काढायला पाच मिनिटं लागतात.
- पोटात बाळ असेल तर पहिल्याच आठवड्यात विभागप्रमुखांना सांगा. पदव्युत्तर शिकणाऱ्या ताईंसाठी हे मुद्दाम लिहिते.

फॉर्मल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या गटात घातलंय. हे वाचून कॉलेज सोडायचं नसतं. जास्त काळजी वर्षानुवर्षं तिथेच काम करणाऱ्या अटेंडरांची आणि शिक्षकांची. पण एक्झॉस्ट फॅन बंद पडलाय, झाकणं उघडी राहताहेत, हे सांगणं तुमचा हक्क आहे, आणि त्यात त्यांचंही भलं आहे.

तोंडी सांगून काम होत नसेल तर अर्ज द्या. आम्ही फॅनसाठी तीन वेळा तोंडी सांगितलं, काही हललं नाही. मग टेबलावरच्या बाराजणांनी सह्या करून अर्ज दिला आणि आठ दिवसांत फॅन फिरायला लागला. अर्ज एका पानाचा, इंग्रजीत किंवा कानडीत असावा. त्यात तारीख, हॉल, काय बंद आहे आणि कुणाला काय त्रास झाला, एवढंच लिहा. दोन प्रती काढा, एकीवर ऑफिसचा आवक शिक्का मारून घ्या आणि ती आपल्याजवळ ठेवा.